गोगलगाय खाली आली ते वर्ष

विधिमंडळाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं वर्तमानपत्रं कापून वह्यांत चिकटवली, म्हणून तिला सगळे कात्रणताई म्हणत. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती आणि आदल्या दिवशी, गुरुवारी, तिने शोधलेली नऊ व्यंगचित्रं सभागृहाबाहेरच्या भिंतीवर मांडली जाणार होती.

चित्रं तिच्या बालपणातली. गिरण्यांत पाळणाघरं सक्तीची करणारं विधेयक तेव्हा नऊ वर्षं रखडलं होतं. एक व्यंगचित्रकार दरवर्षी त्याच तारखेला तेच चित्र काढी: सभागृहाचा जिना आणि पाठीवर विधेयकाची गुंडाळी घेतलेली गोगलगाय, एखाद-दोन पायऱ्या वर सरकलेली. नवव्या चित्रात ती दारातून आत. ताईची आई गिरणीत होती. ताई वाढली ती तिथल्याच रिळांच्या टोपलीत.

गुरुवारी येऊन पाहते तो चित्रांचा क्रमच बदललेला.

"साहेब, पाचवं चित्र पहिलं कसं झालं?"

"पायऱ्यांप्रमाणे लावलंय," ग्रंथपाल म्हणाले. "कशी झोकात चढतेय बघा!"

"चढली कुठे? पाचव्या वर्षी विधेयक समितीकडे परत गेलं. सातव्या पायरीवरून थेट पहिलीवर आली ती."

"तेव्हा परत पाठवा म्हणणारे आपल्या सभागृहातले आजोबाच आज फीत कापायला येताहेत, ताई. आज तरी तुमची कात्री आवरा."

ते पाहुण्यांना आणायला फाटकाकडे गेले. ताईने स्टूल ओढलं. आईने वाट पाहिली होती ती तारखांप्रमाणे. एकेक चौकट उतरवून तिने पुन्हा तारखेप्रमाणे लावली.

आजोबा म्हणजे सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ सदस्य. काठी टेकत, चित्रं न्याहाळत ते पाचव्यापाशी थांबले. ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही खाली कशी आली?"

"घसरली, आजोबा," ताई म्हणाली.

"घसरली? छे! मी ढकलली. तिशीत होतो, नुकती शिंगं फुटली होती. घाई कशाला म्हणून तासभर भाषण ठोकलं. बाकंसुद्धा वाजली." त्यांनी चष्मा पुसला. "इथे कुणी लावली?"

"मी. आई गिरणीत होती. त्या वर्षी मी तिथल्या रिळांच्या टोपलीत मावेनाशी झाले होते."

आजोबांनी काठी काखेत धरली. मग त्यांनी टाळी वाजवली. मागच्या सदस्यांनी साथ दिली, आणि अख्खा व्हरांडा दणाणला. ग्रंथपाल तर सगळ्यांत जोरात वाजवत होते.

शुक्रवारच्या वर्तमानपत्रात नवं व्यंगचित्र होतं. जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर एक बाई, एका हातात कात्री, दुसऱ्या तळहातावर गोगलगाय. खाली माना वर करून पाहणारं सभागृह.

"नाक जरा मोठं काढलंय," ती ग्रंथपालांना म्हणाली.

"मुळीच नाही! आहे तेवढंच काढलंय."

ती इतकी हसली की एकतीस वर्षांत पहिल्यांदाच कात्रण वाकडं कापलं गेलं. तिने ते तसंच चिकटवलं आणि खाली तारीख घातली.