"म्हण, नदी दिसते"

डाव्या कानावर बाईनं अशी ठेवून देली का मी बाकावरून खाली पडली. अन् तास कायचा होता? ऐकायचा. संगीत ऐकायचा!

पाचवीत होती मी, संग्रामपूरच्या अलीकडच्या एका शाळेत. संगीताच्या नव्या बाई शहरातून आल्या होत्या. टेप लावत अन् म्हणत, डोळे मिटा, कल्पना करा, काय दिसते ते सांगा. त्या दिवशी सतार लावली होती. कोणाले नदी दिसली, कोणाले मोर, कोणाले देवीचं मंदिर. बाई खूश.

मले माहे अब्बा दिसले. अब्बा पिंजारी. शेगावच्या लॉजच्या जुन्या गाद्या घरी आणत अन् धनुकलीनं कापूस पिंजत. तिची ताणलेली तात सतारीच्या तारेवानी अश्शीच झणझणे, घरभर कापूस उडे. मले तो खराच दिसला, पार नाकात गेला. म्या हात वर केला अन् सगळं सांगतलं. ती तात बकऱ्याच्या आतड्याची असते, हेबी हौसेनं सांगतलं.

वर्ग फिदीफिदी हसला. बाईचं तोंड कसनुसं झालं.

"कल्पना करायला सांगितली होती. घाण काढायला नाही."

अन् मंग ती थापड.

कानात काहीतरी फुटलं होतं. मानेवर ओलं लागत होतं. बाईनं वेणी धरून मले उभं केलं, टेप पुन्हा लावला.

"म्हण, नदी दिसते."

काऊन म्हणू? मले दिसतच नव्हती. म्हटलं असतं तं सुटली असती, हे कळत होतं. पण हे बाई माह्या मिटल्या डोळ्यातून माह्या बापाले हाकलून राह्यली, हेबी कळत होतं. डोकं सणकलं माहं. तिचा हात पुन्हा उठला, तो म्या मनगटात धरला अन् कचकन चावली. बांगडी फुटली. रगत आलं, खारट लागलं. तरी सोडला नाई. दोन मास्तरांनी ओढून काढलं मले.

हेडमास्तरांनी अब्बाले बोलावलं. अब्बा हात जोडून उभे. मले म्हणे, माफी मांग.

"मेरेकू तुमीच दिखे, अब्बा. माफी कायकू?"

नाईच मांगली.

डावा कान गेला तो गेलाच. आता माही पोरगी त्याच शाळेत जाते. तिलेबी डोळे मिटायले लावतात. तिले सांगून ठेवलं हाय, जे दिसीन तेच सांगजो. कोणी हात उचलला तं मले बोलावजो.

कान एकच राह्यला. दात सगळे शाबूत हायेत.