ओढ्यापलीकडच्या बांगड्या

मी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. जे मोजता येत नाही ते मी कधी मानलं नाही, आणि मानणाऱ्यांची टिंगल मात्र भरपूर केली. तेव्हा हे वाचून तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, मढच्या अलीकडे. वडिलांची धाकटी बहीण ठकू लहानपणीच तापाने गेली. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. तिला आमच्याच शेतात आंब्याखाली पुरलं, वर खुणेचा दगड ठेवला. वडील पुढे ओझरला मामाकडे वाढले, मग पुण्यात नोकरी. आजोबा गेल्यावर सातबारा वडिलांच्या नावावर झाला. शेतात आंबा होता, आंब्याखाली दगडही होता... झालं. दर सर्वपित्रीला वडील तिथे पानावर दूधभात ठेवायचे आणि ठकूसाठी छोट्या हिरव्या बांगड्या. दुसऱ्या दिवशी पान नसायचं, बांगड्याही नसायच्या. गुराखी पोरं नेत असतील, असं मी म्हणायचो.

दोन हजार तीनच्या सुमारास मला वंशावळ करायची हुक्की आली. तालुक्याला जाऊन जमिनीच्या जुन्या नकला काढल्या आणि तिथेच गाडी अडली. ठकू गेली तेव्हा हे शेत आमचं नव्हतंच! नंतर एकत्रीकरणात गावातल्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. आमचं मूळ शेत ओढ्यापलीकडे, दुसऱ्यांकडे गेलेलं.

वडिलांना सांगितलं. त्यांनी नकला उलटसुलट करून पाहिल्या. मग म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं पोरगी उपाशीच व्हती का रं?"

त्यांना दम लागायचा, तरी त्या उन्हाळ्यात एकदा तिथं ने म्हणाले. नेलं. तिथल्या मालकीण सखूबाईंनी आम्ही कोण, कशाला आलो ते ऐकून घेतलं.

"तुमीच व्हय? दरसाल आमच्या आंब्याखाली पान ठिवून जाता, अन् घरी पानी प्यायला येत न्हाई."

मग त्यांनी आतून पत्र्याचा डबा आणला. डब्यात बांगड्या. हिरव्या, छोट्या. लेकराच्या दिसतात म्हणून फेकवल्या नाहीत, म्हणाल्या.

वडिलांनी डबा मांडीवर घेतला. रडले नाहीत. "पोचलं म्हनायचं," एवढंच बोलले. मला भीती वाटली नाही, आनंदही नाही... काहीच वाटलं नाही. भाद्रपदात तो ओढा दुथडी भरून वाहतो. कुणी कशाला पान उचलून पलीकडे नेईल, हे मी डोक्यात मांडत राहिलो. जमलं नाही.

वडील त्याच उन्हाळ्यात गेले. वर्षश्राद्ध होईपर्यंत आमच्यात पितरांचं पान ठेवत नाहीत, म्हणून त्या सर्वपित्रीला आम्ही कुणीच गावी गेलो नाही. नंतर सखूबाईंचा फोन आला.

"पावणं, यंदाबी घरी न येताच गेलात."

पानावर काय होतं, मी विचारलं.

"दूधभात अन् बांगड्या. नेहमीच्याच."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. अजूनही माझ्याकडे याचा काही खुलासा नाही, आणि मी तो आता शोधतही नाही. बांगड्या दरवर्षी वडीलच जुन्नरच्या बाजारातून आणायचे. त्या वर्षी घरात कुणी आणल्या नव्हत्या.