चार आण्याच्या विहिरीवरचा ग्रह

दि. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी हरीओमने १,८७,४५० रुपयांची दुर्बीण आणि कॅमेरा घेतला. मानोऱ्यात त्याचे ठिबक-तुषारच्या साहित्याचे दुकान होते. इंझोरीच्या शेतातल्या गोठ्यावर त्याने स्लॅब टाकला आणि दुर्बीण त्यावर बसवली. घरच्या न्हाणीला मात्र अजून पत्र्याचेच दार होते. त्याची बायको राखी म्हणाली, "वरचं दिसून राह्यलं, खालचं कवा दिसीन?" हरीओमला असले प्रश्न क्षुद्र वाटत.

त्याला ग्रह हवा होता, आणि तोही स्वतःच्या नावाचा. वाशीमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंतीबाई हौशी निरीक्षकांचा एक गट चालवत. त्यांनी त्याला एक लाल तारा नेमून दिला होता. असे तारे आपल्या जवळ पुष्कळ आहेत. ते लहान आणि मंद असतात, म्हणून एखादा छोटा ग्रह समोरून गेला तरी त्यांचा उजेड शंभरात एखाद्या भागाने कमी होतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तो फरक मोजायचा, आणि ठरलेल्या अंतराने तो पुन्हा पुन्हा आला तर पुढचा विचार करायचा. हरीओमने तेवढी वाट पाहिली नाही.

त्याचा तारा दर चौथ्या रात्री मंद होत होता. तीनदा झाला तेव्हा त्याने दुकानात पेढे वाटले. पाचव्यांदा झाल्यावर चौकात बॅनर लागला: 'ग्रहशोधक मा. हरीओमभाऊ'. सव्वीस जानेवारीला सत्कार ठरला. ग्रहाचे वजन पृथ्वीच्या दीडपट आहे, असे तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. उजेडावरून फार तर आकार कळतो, वजनासाठी ताऱ्याचे डगमगणे मोठ्या दुर्बिणीतून मोजावे लागते, हे वैजयंतीबाईंनी त्याला दोनदा समजावले होते. पण वजन सांगितल्याशिवाय भारदस्त वाटत नाही.

बाईंनी आकडे पाहिले आणि फोन केला.

"बरोब्बर चार दिवस? भाऊ, तुमच्या बाजूला कुणी पाणी देतं का? हवेत वाफ वाढली की लाल तारा शेजारच्या पांढऱ्या ताऱ्यांपेक्षा जास्त मंद दिसतो. एकदा पाणी बंद ठेवून बघा. तरी मंद झाला तर मी स्वतः सत्काराला येते."

हरीओमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून रंगूबाईचा हरभरा होता. तिचा विहिरीत चार आण्याचा हिस्सा. बाकी बारा आणे तिच्या तीन दिरांचे, त्यांची वावरे नाल्यापलीकडे. म्हणून रंगूबाईची पाण्याची बारी दर चौथ्या रात्री येई, आणि तिचा तुषार संच आधी गोठ्याकडच्या तुकड्यावर फिरे. संच हरीओमनेच विकला होता. तिच्या खोपीवरचा बल्ब आकाश खराब करतो म्हणून त्याने भांडून बंद करवला होता. पाणी मात्र त्याला कधी दिसले नाही.

तो तिच्या बांधावर गेला.

"रंगूकाकू, येत्या बारीले पाणी नका देऊ."

"काहून? तुह्या चांदनीले सर्दी होते काय?"

"कामाचं हाय. सहाशे देतो."

"हरभरा घाट्यावर हाय, बापू, दाना भरून राह्यला. बारी हुकली त अजून चार दिस थांबा लागते." तिने हात पुढे केला. "आन पैसे."

"अडीचशे घ्या. बाकीचे सकाळी."

तिने अडीचशे कमरेला खोचले, आणि त्या रात्री मोटारीचे बटन दाबले नाही.

ताऱ्याचा उजेड जरासुद्धा हलला नाही. रात्रभर एकसारखा राहिला, एखाद्या इमानी कारकुनासारखा. हरीओमने आकडे पाठवले. वैजयंतीबाईंचे उत्तर आले: "दुर्बीण चांगली आहे तुमची."

सत्कार तरीही झाला. बॅनरचे पैसे गेले होते आणि शाल आली होती. 'संशोधन सुरू आहे', असे तो भाषणात म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ग्रहाशी घेणे नव्हते, चहाशी होते.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई दुकानात आली. शाल काउंटरमागे खुर्चीवर घडी घालून ठेवलेली होती.

"बाकीचे दे."

"कायचे, काकू? ग्रह तं निंगालाच नाही."

"मी ग्रह काढाचं बोलली होती काय? पाणी बंद ठेवलं का नाही?"

"ठेवलं."

"मंग?"

हरीओमने नळीचे मोजमाप सुरू केले. बसलेल्या दोन गिऱ्हाइकांनी खाली पाहिले. रंगूबाईने शालीकडे बोट दाखवले.

"मंग हे कायची भेटली तुले? घरी बसल्याची?"

शाल तिथेच राहिली. बॅनर होळीपर्यंत चौकात होता.

रंगूबाईचे साडेतीनशे रुपये हरीओमकडे अजून बाकी आहेत.