जावयाच्या वाट्याची झाडं

फैजपूरकडच्या माझ्या सासुरवाडीत जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत. अशा घरच्या केळीबागेत मी प्रयोग मांडला, ही माझी अक्कल. मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. एका जिवाणू खताने केळीचा घड खरंच जास्त भरतो का, एवढंच मला पाहायचं होतं. अर्ध्या झाडांना ते खत, अर्ध्यांना नाही. बाकी पाणीबिणी सगळं सारखं. दुसरीकडे जमीन शोधत होतो, तर सासरे म्हणाले, "घरचं वावर आसता बाहीर कायले जाता?" विषय तिथंच मिटला.

खताची झाडं अशी तरारली की विचारू नका. लेख छापून आला. अशा लेखाखाली 'लेखकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत' असं एक वाक्य असतं. मी ते बिनघोर लिहून दिलं. त्या कंपनीचा साधा चहासुद्धा मी प्यालो नव्हतो.

लेखानंतर मेहुण्याने त्याच खताची एजन्सी घेतली. त्याच्या कृषी केंद्राच्या भिंतीवर माझ्या लेखाचं पहिलं पान लॅमिनेट होऊन लागलं. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येवो न येवो, माझ्या नावावर बोट ठेवून तो सांगायचा, "आमचे जवाई हायेत." बाटल्या हातोहात खपत होत्या. मला ते अवघड वाटायचं. पण निष्कर्ष खरा आहे ना, असं म्हणून मी स्वतःची समजूत काढायचो.

सासुरवाडीच्या पुढच्या खेपेला तीही सोय उरली नाही. जेवताना सासरे खुशीत येऊन म्हणाले, "जवाईबापू, तुमच्या खताच्या झाडायले मी काई कमी पडू देलं नाही. वरतून युरिया देला, पोटॅश देलं. तुमचा परयोग आमच्या वावरात फसला आसता, तं लोकायनं काय म्हनलं आसतं?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. इतक्या मायेने माझं नुकसान आजवर कुणी केलं नव्हतं.

विभागप्रमुखांचा सल्ला घ्यायला गेलो. लेखात माझ्या पाठोपाठ त्यांचंही नाव होतं, तरी गेलो. ते म्हणाले, "कशाला उकरून काढता? कोण विचारतंय?" खरंच कुणी विचारत नव्हतं. लोक नुसतं खत विकत घेत होते.

लेख मागे घ्यायचा तर नियतकालिकाला कारण द्यावं लागतं, आणि ते छापून येतं. गप्प बसलो तर मी लबाड. मोजण्यात माझीच चूक झाली म्हणालो, तर ती आणखी एक थाप. खरं लिहावं तर ज्या माणसाने मला मुलगी दिली त्याचं नाक कापायचं. "आबांना लबाड ठरवणार का तुम्ही?" बायकोने एवढंच विचारलं. मला घरात बसवेना, कॉलेजात उभं राहवेना. वर्गात प्रयोगपद्धती शिकवताना मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो.

शेवटी पत्र लिहिलं. पाठवण्याआधी फैजपूरला गेलो, कारण त्यांच्या पाठीमागे ते पाठवणं मला जमलं नसतं. सासरे आणि मेहुणा समोर बसले. पत्रातलं इंग्रजी मी मराठीत सांगत गेलो: शेतमालकाने खताच्या झाडांना परस्पर जादा खतं दिली, त्यामुळे निष्कर्ष विश्वासार्ह नाही, सबब लेख मागे घेत आहे.

"मंग दुकानात लोकायले मी काय सांगू?" मेहुण्याने विचारलं.

"हेच सांग."

तो चपला घालून निघून गेला.

या घराचं दार आपल्याला बंद झालं, असं मी धरून चाललो.

मग सासऱ्यांनी विचारलं, "हा शेतमालक कोन?"

"तुम्हीच, आबा."

"मंग सासरा लिहा ना," ते म्हणाले. "परक्या मानसासाठी मी कायले युरियाचं पोतं फोडू?"