पुडीचं पुढचं पान

माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आणि शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

घाटकोपरला हॉस्पिटलच्या फाटकाजवळ मी शेंगदाणे विकते. पुड्यांसाठी डॉक्टरी मासिकांची गुळगुळीत रद्दी स्वस्तात मिळते. एक ॲम्ब्युलन्सवाला रोज यायचा, दाणे खिशात ओतायचा आणि पुडी उलगडून वाचत बसायचा. एकदा ओरडला, "मावशी, पेशंटचा श्वास अडकलाय आणि पान संपलं! पुढचं कुठंय?"

मी लाजून नुसतं बोट दाखवलं. पुढचं पान एका काकांच्या हातातून बसस्टॉपकडे चाललं होतं. हा धावला. काकांचे दाणे त्यांच्याच टोपीत ओतून, निम्मे सांडून, पान घेऊन आला.

"नवीन पुस्तक घे की रे," मी पहिल्यांदाच बोलले.

"एका अंकात अर्धा पगार जातो, मावशी. तुझ्याकडे दाण्यांसकट दहा रुपये."

मी अख्खा गठ्ठाच त्याला उधार दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना दाणे ओंजळीत घ्यावे लागले. पण आता सायरन वाजला की धीर येतो, आतल्या माणसाने पुढचं पान वाचलंय.

पगार झाल्यावर तो आला आणि सगळे पैसे फेडले, काकांच्या सांडलेल्या दाण्यांसकट.