चांगुणामावशींच्या घरचा कचरा

चांगुणामावशींनी पहिल्यांदा आमच्या दाराची बेल वाजवली, तेव्हा त्यांच्या हातात माझाच एक चमचा होता. लख्ख घासलेला, पदराला पुसलेला. आम्हाला पनवेलला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. तळमजल्यावर राहणाऱ्या, नऊवारी चापून नेसणाऱ्या, हातावर हिरवं गोंदण असलेल्या या बाईंना मी येता-जाता पाहिलं होतं, पण बोलणं झालं नव्हतं.

"यो चमचा तुमचा हाय?"

"हो. पण तुमच्याकडे कसा आला?"

"कचऱ्यात गेलता. मांजरीनं पिशवी फाडली, माझे खिडकीखाली." चमचा त्यांनी माझ्या हातात दिला. "चमच्यासाठी नाय आले मी, बाय. तुमचे पिशवीत फुटका ग्लास होता. सुनंदाचा हात कापलाय."

सुनंदा म्हणजे आमच्या बिल्डिंगचा कचरा उचलणारी. आदल्या दिवशी सामान लावताना माझ्या हातून ग्लास फुटला होता आणि ते तुकडे मी मेथीच्या देठांत कोंबून पिशवीला गाठ मारली होती. मी मावशींची माफी मागू लागले.

"मना काय सांगता? तिला सांगा."

मी तशीच खाली गेले. सुनंदा पायरीवर बसली होती. तळहाताला जाड बँडेज होतं. मी सॉरी म्हटल्यावर ती म्हणाली, "असू द्या ताई, होतं असं." ते 'होतं असं' मला फार लागलं. मावशींनी तिथंच मला काच कशी टाकायची ते दाखवलं. जाड रद्दीत गुंडाळायची, सुतळीनं बांधायची, वर लाल चिंधीची गाठ मारायची आणि पुडा हातात द्यायचा, पिशवीत नाही. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून ही लाल चिंधी. सुनंदाला ती खूण ठाऊक होती. वर्षानुवर्षं फक्त एकाच घरातून ती चिंधी यायची.

आमची बिल्डिंग उभी आहे ती जागा पूर्वी मावशींच्या सासऱ्यांची भातशेती. "तुमची लिफ्ट हाय ना, तितं आमचा खळा होता," असं त्या सहज सांगायच्या, त्यात तक्रारीचा सूर नसायचा. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं तळमजल्यावर घर दिलं होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रमेश जासईला कंटेनर यार्डात नोकरीला, त्याचं बिऱ्हाड उरणला. मावशी इथं एकट्या. आणि एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या एकटीच्याच दारात कचऱ्याची पिशवी कधी दिसायची नाही.

त्या काही वेगळं करत होत्या असं त्यांना स्वतःला वाटत नसे. मासळी बाजारात जाताना झाकणाचा स्टीलचा डबा नेत. कोळीण सवयीनं काळ्या पिशवीकडे हात न्यायची, की ह्या तिचं मनगट धरायच्या. "मावरा डब्यान टाक. पिशवी तुजे जवल ठेव." कोथिंबिरीच्या काड्या चटणीत जायच्या, दुधीच्या सालींची वेगळी चटणी व्हायची, कलिंगडाचा पांढरा गर भाजीत. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. दुधाची पिशवी त्या अशी कापत की कोपऱ्याचा तुकडा पिशवीलाच लटकून राही. एकदा मी कात्रीनं टोक उडवलं, ते पाहून म्हणाल्या, "पिशवी भंगारवाला नेईल. हा नखाएवढा तुकडा कोन वेचनार?" त्या दिवसानंतर मी तो तुकडा कधी तोडला नाही. तोडला तर चोरी केल्यासारखं वाटेल.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "फेकलं मंजी गेलं नाय, बाय. नुस्तं आपले डोल्यासमोरून गेलं."

मावशी सगळ्यांना आवडत होत्या असं मात्र नाही. कुणाच्याही बादलीत डोकावून बघायची त्यांना खोड होती. "आख्खा पाव टाकला? काय झालता त्याला?" असं भर जिन्यात विचारायच्या. पोरं त्यांना मागून 'कचरा इन्स्पेक्टर' म्हणत. कुणी चिक्कूही म्हणे. चिक्कू त्या अजिबात नव्हत्या. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण केलं की माझ्या घरी ताट यायचंच. फक्त त्या ताटात काही उरलेलं त्यांना खपत नसे.

बिल्डिंगच्या मागच्या कोपऱ्यात, त्यांच्याच खिडकीखाली, त्यांची दोन निळी पिंपं होती. ओला कचरा त्यात जाई आणि दीड-दोन महिन्यांनी काळंभोर खत निघे. माझ्या कुंड्यांना मी ते नेत असे. एका पावसाळ्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी सावंत यांनी पिंपांचा विषय काढला. वास येतो, चिलटं होतात, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.

मावशी उभ्या राहिल्या. "वास येतो तो तुमचे पिशव्यांचा. माझे पिंपाचा नाय. हात घालून बघा."

लोक हसले. पिंपं हलवावीत म्हणून हात वर झाले. मी हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. नवीन माणूस, उगाच कशाला वाईटपणा घ्या, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी मावशी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "बाय, तुमी काय बोलली नाय." पिंपं गेली. मावशींनी बाल्कनीतल्या दोन कुंड्यांत आपल्यापुरतं सुरू ठेवलं.

त्यानंतर महिनाभरानं त्यांचा भाऊ आजारी पडला. "माझेसंगं येता?" त्यांनी विचारलं. मनात सल होताच, मी लगेच हो म्हटलं. रिक्षानं त्यांच्या माहेरगावी निघालो. गाव जवळ आलं तशी डावीकडे एक टेकडी दिसली. वर घारी फिरत होत्या, बाभळींना रंगीबेरंगी पिशव्या लटकलेल्या. अजून जवळ गेल्यावर वास आला आणि कळलं, की ती टेकडी नव्हती. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथं ओतला जात होता. मावशींनी नाकाला पदर लावला नाही. त्या समोर बघत राहिल्या.

भाऊ धर्मामामा खाटेवर उठून बसले. त्यांच्या सुनेनं आमच्यासाठी पाणी आणलं, ते दुकानातल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून. मी मावशींकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी असली बाटली विकत घेतली नसेल. त्यांनी मुकाट्यानं झाकण उघडलं, सगळं पाणी प्यायल्या आणि रिकामी बाटली आपल्या पिशवीत ठेवली. मग मला मागच्या अंगणात नेलं. तिथं विहीर होती, वर लोखंडी जाळी घातलेली.

"लगीन होईपर्यंत हिचंच पानी प्यायले मी. असं गोड पानी पंचक्रोशीत नव्हतं. आता गुरंपन तोंड लावत नाय."

त्या जाळीवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. परतताना रिक्षात म्हणाल्या, "सावंतांना वाटतं, कचरा गाडीत जातो. गाडी कुठं जाते ते मना ठाव हाय. माझे भावाचे दारात जाते."

"मावशी, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"मग आता बोला," त्या म्हणाल्या.

बोलायची वेळ लवकरच आली. कचरागाड्यांचा संप झाला. आठ दिवस गाडी फिरकली नाही. फाटकापाशी पिशव्यांचा ढीग वाढत गेला, त्यातून पाणी वाहू लागलं, अळ्या जिन्यापर्यंत आल्या. सावंतांचं घर नेमकं वरच. मी त्यांच्याकडे गेले आणि मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं ते सगळं बोलले. मावशींच्या माहेरची विहीरही सांगितली. सावंत वाईट मनुष्य नव्हते. ऐकून घेतलं आणि स्वतः खाली मावशींकडे गेले.

दुसऱ्या दिवशी पिंपं परत आली, नवी तीन वाढली. मावशी शिकवायला उभ्या राहिल्या. खाली सुका पाला, वर ओला कचरा, त्यावर मूठभर जुनं खत आणि आंबट ताकाचा शिपका, पुन्हा पाला. सावंत आपली बादली अंगापासून लांब धरून उभे होते.

"हात घाला, साहेब. तुमचेच घरचं हाय. काल खाल्लंय तुमी."

बायका खो-खो हसल्या, सावंतही हसले. आणि त्यांनी खरोखरच बाही सारून हात घातला. संप मिटला तरी पिंपं राहिली. सगळेच सुधारले असं नाही, पण निम्म्या घरांची पिशवी हलकी झाली. आणि काचेचा पुडा आता चार-पाच दारांतून लाल चिंधी बांधून येऊ लागला. सुनंदानंच मला सांगितलं.

मावशी गेल्या वर्षी गेल्या. चार दिवसांचा ताप, मग दवाखाना, आणि संपलं. तेरावं झाल्यावर रमेश घर मोकळं करायला आला. आईच्या ह्या सगळ्याचा त्याला पहिल्यापासून राग होता. "लोक हसतात, आई," असं तो माझ्यादेखत म्हणाला होता. एकट्या बाईनं वर्षानुवर्षं काय काय साठवून ठेवलं असेल, म्हणून त्यानं कळंबोलीहून टेम्पो मागवला होता. मी मदतीला गेले.

कपाटं उघडली. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या होत्या, चार गोधड्या चार नातवंडांच्या मापाच्या. भांडी मोजकी, रोजच्या वापरातली, ती रमेशच्या बायकोनं घेतली. डब्यांतलं धान्य धर्मामामांकडे जाणार होतं. चपलांचा एक जोड, अंगठा नुकताच शिवलेला, तो सुनंदाच्या पायाला बसला. तुटकं, फुटकं, गंजलेलं, पडून राहिलेलं असं आम्ही शोधत राहिलो. माळ्यावरही चढून पाहिलं. दुपारपर्यंत घर रिकामं झालं.

टेम्पोवाला दारात आला. "माल कुठाय, साहेब?"

रमेशनं चारी खोल्यांवर नजर फिरवली. "नाय काय," तो म्हणाला. "जा तुमी."

टेम्पो मागे वळला आणि रिकामाच गेला. रमेश स्वयंपाकघराच्या मोकळ्या फरशीवर भिंतीला टेकून बसला. "आयुष्यभर तिला बोललो मी, काय हे जमवून ठेवतेस म्हणून," तो म्हणाला. "तिनं तर टाकायला काय ठेवलंच नाय." आणि तो लहान मुलासारखा रडायला लागला. मीही त्याच्या शेजारी खाली बसले.