दोघांचे टायर

टायरच्या दुकानात गिऱ्हाईक साधारण दोनच गोष्टी विचारतं. कितीला, आणि किती वर्षं टिकेल. मला मात्र तिसऱ्याच प्रश्नाने पछाडलं होतं, आणि त्याचं उत्तर दुकानदाराकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. ही गाडी यापुढे एक जण पळवणार की दोघं?

आधी आमचं वेड सांगते, म्हणजे प्रश्न कळेल. मी नरपडला राहते, चिकूच्या वाडीत. नोकरी तलासरीच्या पुढे एका कारखान्याच्या लॅबमध्ये. रोज आपली छोटी गाडी काढायची आणि जाऊन-येऊन करायचं. आणि थंडीच्या दिवसांत, महिन्यातल्या एखाद्या रविवारी, त्याच गाडीने आम्ही नवरा-बायको ऑटोक्रॉस खेळायचो. काँक्रीटच्या मोकळ्या आवारात नारिंगी शंकू मांडतात. त्यांच्यामधून वळणं घेत एकेकाने गाडी काढायची, शंकू पाडला तर दंड, सगळ्यात कमी वेळ ज्याला लागेल तो जिंकला. शर्यत म्हणावी तर शेजारी दुसरी गाडी नसते. तुम्ही आणि घड्याळ. पन्नाशीला टेकलेली बाई डोक्यावर हेल्मेट चढवून हे करते याचा आमच्या आळीला काही वर्षं फार त्रास झाला. मग त्यांना दुसरा विषय मिळाला.

नवऱ्याचा उल्लेख मी 'हे' असाच करणार. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं नाव पुरे.

या खेळात बऱ्याच जोड्या एकाच गाडीने उतरतात. एकाची फेरी झाली की तो उतरतो, दुसरा बसतो, परत पहिला. टायरला दम खायला फुरसत मिळत नाही. रबर तापतं. बेताचं तापलं तर जमिनीला छान धरतं, जास्त तापलं तर सुटायला लागतं. म्हणून दोघांच्या गाडीला ताप सोसणारे टायर लागतात. एकट्या माणसाचं उलट असतं. त्याची एक फेरी झाली की बाकीच्या सगळ्यांच्या होईपर्यंत गाडी उभीच. त्याला थंड असतानाही पकड देणारं रबर हवं. दोघांचे टायर एकट्याने घेतले तर ते नीट तापतच नाहीत, आणि एकट्याचे दोघांनी वापरले तर जेवणाच्या आधीच हात टेकतात. हे सगळं मला यांनीच शिकवलं, ओट्यावर बसून, चिकूच्या क्रेटवर खडूने चित्रं काढून.

फेऱ्यांच्या मध्ये टायर गार करायला पाणी मारतात. त्यासाठी आम्ही आमच्या वाडीतला पाठीवरचा फवारणीचा पंप न्यायचो. पहिल्या वेळी तो नीट धुतलाच नव्हता. तळाशी निंबोळी तेलाचं औषध राहिलेलं. मी मोठ्या तत्परतेने चारी टायरांवर फवारलं, हे ऐटीत निघाले, आणि पहिल्याच वळणावर गाडी अशी काही फिरली की शंकूंची पूर्ण रांग आडवी. उतरल्यावर यांनी टायरला बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "आता याला कीड लागायची नाही." त्या दिवशी आम्ही शेवटून पहिले आलो आणि घरी येईपर्यंत हसत होतो.

मग एका पावसाळ्यात यांची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं. पाय हळूहळू परत आला, काठी टेकत का होईना चालायला लागले. डहाणूच्या डॉक्टरांनी दोघांच्या देखत सांगितलं की वाडीतल्या वाडीत गाडी चालवून बघायला हरकत नाही. मला तर त्या खोलीतच पेढे वाटावेसे वाटले. यांनी फक्त मान हलवली.

त्यानंतर मी अधूनमधून विचारायची, "या थंडीत जाऊ या ना?" हे म्हणायचे, "बघू."

आता 'बघू' म्हणजे काय ते ज्या त्या घरावर असतं. काही घरांत तो नकार असतो. आमच्याकडे तो कायम होकार होता. नव्या बोअरला बघू म्हणाले आणि बोअर झाली. पोरीला शिकायला बाहेरगावी पाठवायला बघू म्हणाले आणि ती गेली. ऑटोक्रॉसचं पहिल्यांदा निघालं तेव्हाही बघूच म्हणाले होते. म्हणून मी निर्धास्त होते.

निर्धास्त, पण एकटी. हे लिहिताना कुणाची तक्रार करते आहे असं वाटू नये. हे घरात होते, जेवायला समोर होते, बातम्या लागल्या की माझ्याआधी आवाज वाढवत होते. पण आमचं बोलणं मुळात गाडीवर चालायचं. कुठल्या वळणाला ब्रेक उशिरा मारलास, गिअर कुठे चुकलीस, यावरून सुरुवात व्हायची आणि मग जगातलं सगळं निघायचं. ते थांबलं आणि मग सांगण्यासारखं औषधांच्या वेळांपलीकडे काही उरलं नाही. कामावर जाता-येता मी एकटीच मोठ्याने बोलायची. "आता ट्रकच्या मागे राहा," "आता सोड." डावीकडच्या रिकाम्या सीटवर डबा आणि पर्स.

त्या वर्षी जुने टायर पार गुळगुळीत झाले. तलासरीला हायवेवर एक टायरवाला आहे, त्याच्याकडे गेले. बाहेर ट्रकचे टायर रचलेले, आत गल्ल्यावर मालक.

"बेन, तुमचं तर रोजचं अपडाउन," तो म्हणाला. "हे घ्या, कडक रबर. पाच वरस मागे वळून बघायचं नाही."

मी म्हटलं, मला कडक नको. टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, एक आकडा असतो, रबर किती टिकेल त्याचा. तो जितका कमी तितकं रबर मऊ, पकड जास्त, आणि झिजही जास्त. मला कमी आकड्याचे हवे होते. परदेशात यांना उन्हाळी टायर म्हणतात, कारण तिकडे बर्फासाठी वेगळे असतात. आपल्याकडे बाराही महिने उन्हाळीच. फक्त पावसाळ्यातलं साचलेलं पाणी कापायला खाचा खोल असाव्यात, आणि कूस इतकीही ताठ नको की प्रत्येक गतिरोधकाला कंबरेने हिशेब मागावा. रोज कारखान्यात जायचंय, रविवारी खेळायचंय, गाडी एकच. लग्नासारखंच, कुठेतरी जुळवून घ्यायचं.

जुळवून जुळवून दोन प्रकार उरले. दोन्ही मुंबईहून मागवावे लागणार होते. त्याच्या मोबाइलवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी. मापाने सारखे, किमतीत उन्नीस-बीस. एक थंड असतानाच धरणारा. दुसरा तापल्यावर खुलणारा.

"बोला, कुठला?" तो म्हणाला. "दोन्ही तर सरखेच दिसतात."

मी दुसरा म्हटलं. आणि उगाचच पुढे बोलले, "आम्ही दोघं चालवतो ना."

"शेठ पण चालवतात? मी तर नेहमी तुम्हाला एकट्याच बघतो."

"चालवतात," मी म्हटलं.

टायर चढवून घरी आले तेव्हा हे ओट्यावर होते. काठी टेकत खाली उतरले. पुढच्या चाकाशी वाकले, खाचांवरून अंगठा फिरवला, कुशीवरची अक्षरं वाचली. बराच वेळ वाचली. ज्याने मला हे शिकवलं त्याला तिथे काय लिहिलंय ते कळायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. मी वाट बघत उभी. म्हणतील, अगं हे तर दोघांचे. मग मी म्हणेन, मग काय झालं?

"चांगले आहेत," हे म्हणाले, आणि वर गेले.

मी त्याचाही होकारच केला.

मग मी एक उद्योग सुरू केला. शनिवारी संध्याकाळी घरी आले की गाडी वाडीतल्या लांब वाटेकडे तोंड करून उभी करायची, चावी खिडकीत, आणि ड्रायव्हरची सीट यांच्या पायांच्या मापाने मागे सारलेली. म्हणजे मनात आलं तर नुसतं बसायचं. सोमवारी सकाळी मी बसायला जावं तर माझे पाय क्लचपर्यंत पोचायचे नाहीत. दर सोमवारी सीट ओढताना वाईट वाटायचं आणि दर शनिवारी मी परत ती मागे सारायची. नवे टायर हायवेवर एकसुरी घूं घूं करत राहायचे. बोलायला कुणी नव्हतं, तर तेवढी सोबत.

ऑटोक्रॉसचा रविवार आला. तलासरीजवळच एका बंद गोदामाचं आवार होतं. मी पंप भरला, दोन हेल्मेट टाकली, चपाती-भाजी दोघांची बांधली. हे शाल घेऊन ओट्यावर, दाढीही केलेली नव्हती.

"अहो, येताय ना?"

"तू हो पुढे."

"पुढे म्हणजे? गाडी एक आहे. मागून काय रिक्षाने येणार?"

"तू जा गं," हे म्हणाले.

मी दार आपटलं. वाडीच्या फाटकातून गाडी इतक्या जोरात काढली की कुंपणावरचे पक्षी उडाले. कैनाड येईपर्यंत मी यांच्याशी भांडत होते, दोघांच्या वतीने.

मैदानावर संयोजकांनी विचारलं, "सर?" मी म्हटलं, नाही. त्यांनी एकच नंबर दिला आणि पुढे काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सकाळ गार होती. पहिल्या फेरीला गाडीने वळणच घेईना. स्टिअरिंग फिरवावं तर पुढची चाकं सरळच घसरत जात होती. दोन शंकू गेले. थांबून टायरला हात लावला तर पाट्या-वरवंट्यासारखा गार. आसपासच्या जोड्यांची धांदल चालू होती. हा उतर, तो बस, पाणी मार, हवा बघ. एका जोडप्याच्या टायरांवर पाणी मारलं तशी वाफ निघाली. त्यांनी माझा पंप मागितला, मी दिला. मला त्याचं काय काम होतं?

दुसऱ्या फेरीची वाट बघत मी बॉनेटला टेकून उभी राहिले आणि तेव्हा लक्षात आलं की या खेळात इतका रिकामा वेळ असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्या वेळी तो नव्हताच. यांची फेरी चालू असली की माझे प्राण कंठाशी, ती संपली की माझी. आता दोन फेऱ्यांच्या मध्ये काहीच नव्हतं. ऊन वर चढत होतं, लोक हसत होते, आणि मला कुणाशी तरी ब्रेकबद्दल बोलायचं होतं. दुसरी फेरी तशीच. तिसरी थोडी बरी. डबा मी अर्धाच उघडला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. यांनी चहा केलेला होता, एका हाताने, थोडा सांडून. मी बसल्यावर यांनी विचारलं, "पहिली फेरी?"

मी वेळ सांगितली. दोन शंकूही सांगितले.

"टायर तापले नाहीत," हे म्हणाले.

"नाही."

"दोघांचे आहेत ते."

माझा तोल गेला. "कळलं होतं ना? अंगठा फिरवला तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला? मग तोंड का नाही उघडलंत? त्याच दिवशी बदलून आणले असते!"

यांनी कप खाली ठेवला. "मी बसून बघितलं होतं. तू बाजारात चालत गेलीस एका रविवारी, तेव्हा. सीट तू मागे ठेवलीच होतीस. क्लच दाबता येतो. पाय ठीक आहे. पण चावी फिरवली आणि लगेच बंद केली. घाम फुटला. उतरलो. नंतर पुन्हा एकदा बसलो, तेव्हाही तेच. पायाचं नाही गं. मला भीती वाटते. मला आता त्यात बसायचंच नाही."

आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात 'भीती वाटते' हे वाक्य मी यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण मी रागात होते आणि रागात माणूस चांगलं काही ऐकत नाही.

"मग बघू, बघू, काय करत होता इतके महिने? सरळ नाही म्हणायचं!"

"नाही म्हटलं असतं तर तूही बंद केलं असतंस."

ते खरं होतं. मी त्याच दिवशी बंद केलं असतं, हेल्मेट माळ्यावर टाकलं असतं, आणि पुढची दहा वर्षं मनातल्या मनात यांना ऐकवत राहिले असते. इतके महिने मला वाटत होतं की आम्ही दोघं मिळून एका दिवसाची वाट बघतोय. हे तर केव्हाच परत फिरले होते. मी थांबू नये म्हणून हे मागून नुसता आवाज देत राहिले होते.

"जाशील ना पुढच्या महिन्यात?" यांनी विचारलं.

"एकटी?"

"एकटी."

मी जाईन म्हटलं, आणि मग मला रडू आलं. यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.